मे महिन्यातली बोट

कोकणातल्या पर्यटनाचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेकजण १९९० नंतरच्या काळापासून सुरुवात करतात. १९९७ साली सिंधुदुर्गाला मिळालेला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा, १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, मग तारकर्लीच्या हाउसबोटी, मालवणचं स्कूबा डायव्हिंग. यात चूक काही नाही. पण त्याआधीची शंभरेक वर्षं यातून गळून पडतात. त्या सगळ्या वर्षांत दर उन्हाळ्यात मुंबईहून बोटी भरभरून माणसं कोकणात आणि गोव्यात जात होती. समुद्राचा वारा खात, रात्र उघड्या डेकवर काढत, गाणी-भजनं म्हणत, पत्ते कुटत. त्यांना कुणी पर्यटक म्हटलं नाही, कारण ती आपल्याच घरी चालली होती. मला मात्र वाटतं, आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाळी प्रवासाची गोष्ट सांगायची तर ती याच माणसांपासून सांगायला हवी.

जगात समुद्रकाठच्या सुट्टीची गोष्ट साधारणपणे इंग्लंडपासून सांगतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यात डुंबणं, इतकंच काय ते पिणंही प्रकृतीला चांगलं, असं लिहून ठेवलं आणि ब्रायटनला श्रीमंतांची रीघ लागली. १८१५च्या सुमारास लंडनहून थेम्स नदीतून मार्गेटकडे वाफेच्या बोटी जाऊ लागल्या आणि मध्यमवर्गालाही समुद्र परवडू लागला. पुढे रेल्वे आली, आणि लँकेशरच्या कापडगिरण्यांतले कामगार ब्लॅकपूलला लोटू लागले. तिथे एकेका गावातल्या गिरण्या वर्षातून काही दिवस एकदम बंद राहायच्या, आणि अख्खं गाव उठून समुद्रावर जायचं.

याच कापसाच्या धाग्याला धरून आपल्याकडे यावं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहायला लागली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव वसलं, आणि त्यात सर्वांत मोठा भरणा होता तो जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा. लँकेशरचा कामगार सुट्टीत समुद्रावर जायचा, तसा परळ-लालबागचा कामगारही जायचा. फरक इतकाच की आमच्या माणसाला समुद्र ओलांडून पलीकडे पोचायचं होतं. पलीकडे त्याची बायको होती, म्हातारे आईबाप होते, आणि पावसाळ्याआधी उरकायची कामं होती. घराची शाकारणी, कौलं परतणं, राब भाजणं, लाकूडफाटा भरून ठेवणं, जमलंच तर बहिणीचं लग्न. गिरणीत बदली कामगारांची पद्धत होती, म्हणून महिना-दीड महिना गावी जाता यायचं. मागे आपल्या साच्यावर दुसरा कुणी उभा राहायचा. पगार बुडायचा, तरी लोक जायचे. आमच्याकडे अशा माणसाला चाकरमानी म्हणतात, आणि मे महिना हा चाकरमान्याचाच महिना.

मुंबईतल्या साहेबाची मे महिन्यातली वाट अगदी उलटी होती. तो समुद्राकडे पाठ करून महाबळेश्वर नाहीतर माथेरान गाठायचा. आमच्या किनाऱ्यावर ब्रायटन झालं नाही, त्याचं हे एक मोठं कारण असावं. उन्हाळ्यातला कोकण किनारा म्हणजे घामाची धार, आणि ज्यांच्या हाती पैसा आणि सत्ता होती त्यांनी थंड हवेची गावं वसवली. किनाऱ्यावर धर्मशाळा होत्या, मिठाच्या नि जकातीच्या कचेऱ्या होत्या, आणि बंदरं होती. रत्नागिरीकडे इंग्रजांनी कशा नजरेने पाहिलं, तेही ध्यानात घेण्यासारखं आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली तिथे आणून ठेवलं. मागे घाट, पुढे समुद्र, रेल्वेचा पत्ता नाही. त्यांच्या लेखी ही नजरकैदेला योग्य अशी आडबाजूची जागा. आणि त्याच जागेहून दर आठवड्याला बोटी भरून माणसं मुंबईला ये-जा करत होती!

किनाऱ्यावर वाफेच्या बोटी चालवणारी सुरुवातीची मोठी कंपनी शेफर्डची. काठेवाडकडे जाणारी ‘वैतरणा’ तिचीच. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि १८८८च्या नोव्हेंबरात ती वादळात सापडून उतारूंसकट नाहीशी झाली. पुढे शेफर्डचीच झाली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. तिच्या मक्तेदारीला तोंड द्यायला स्वदेशीच्या भरात एक सहकारी कंपनी उभी राहिली, तिला कोकणी माणूस ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचा. हे नाव मला फार आवडतं. तुकाराम, रामदास, सेंट अँथनी अशी तिच्या बोटींची नावं. डेकवर वारकरीही असत आणि मालवण-गोव्याकडचे ख्रिस्तीही, तेव्हा संतही दोन्हीकडचे.

या बोटींनी दुःखही फार दिलं. १९२७च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ वादळात बुडाल्या. आणि ‘रामदास’चं नाव घेतलं की अजूनही जुन्या घरांतून कुणीतरी गप्प होतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून हाताला लागतील तितक्यांना वाचवलं. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, घरोघर सणाची गडबड, आणि गिरणगावातल्या चाळींतून मात्र रडारड. एवढं होऊनही बोट बंद पडली नाही, कारण दुसरा रस्ताच नव्हता. पावसाळा संपला, नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला, की लोक पुन्हा वळकट्या बांधून धक्क्यावर.

मी त्या बोटीतून गेले ती तिच्या शेवटच्या वर्षांत. चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’, त्याआधीच्या ‘रोहिणी’, ‘चंपावती’ ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. आजी तर लग्नं, बारशी, मयतं बोटीवरून लक्षात ठेवायची. कुणाचा मुलगा कधीचा, तर रोहिणी उशिरा आली होती त्या वर्षाचा.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची. वरचे वर्ग होते, केबिन होत्या, पण आमच्या ओळखीतलं कुणी कधी केबिनमधून गेल्याचं मी ऐकलं नाही. डेक म्हणजे डेक. फाटक उघडलं की घरातला सर्वांत चपळ माणूस चादर घेऊन पुढे पळायचा आणि जागा धरायचा. तीही कशी? चिमणीची धग लागणार नाही, वाऱ्याच्या तोंडावर नाही, आणि मोरीपासून लांब. चादर पसरली की तिच्या चार कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या आणि एखादं मूल बसवायचं. झालं आपलं घर! शेजारच्या चादरीवरची माणसं जयगडला उतरणारी की विजयदुर्गला, एवढं विचारून झालं की दशम्या आणि सुक्या बटाट्याची भाजी इकडून तिकडे जायची, तिकडून बांगड्याचं सुकं इकडे यायचं.

मुंबई बंदराबाहेर पडून खांदेरीचं दीपगृह मागे गेलं की बोट डुलायला लागायची. मग ज्यांना बोट लागते ते आडवे. लिंबू नाकाशी, आवळकाठी तोंडात, डोळे गच्च मिटलेले. ज्यांना लागत नाही ते कठड्याशी. दाभोळला चिपळूणकडची माणसं उतरायची, तिथून खाडीतल्या लाँचने गोवळकोटला. रत्नागिरीपर्यंत रात्र झालेली असायची. पुढे मुसाकाजी म्हणजे राजापूरकडचे, मग विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. वेंगुर्ल्याला सावंतवाडीच नव्हे, तर पार बेळगावकडे जाणारी माणसंही उतरत. मागे राहायचे ते पणजीचे. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहणारे गोंयकार, बोटींवर नोकरी करणारे तांडेल, आया, आचारी. त्यांच्यातल्या एखाद्याकडे हमखास गिटार किंवा व्हायोलिन असायचं. बोटीच्या एका टोकाला टाळ-मृदंग आणि दुसऱ्या टोकाला मांडोची गोवेकरी गाणी, मधे इंजिनाची धडधड.

गोवा मुक्त झाल्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, या डेकवर आणखी एक जात आली, केस वाढवलेली गोरी पोरं-पोरी. पणजीला जायचा स्वस्त आणि सुंदर मार्ग म्हणून त्यांनी ही बोट शोधून काढली होती. तीही डेकवरच चादर पसरून झोपत. त्यांना लोक पर्यटक म्हणत, आणि त्यांच्याशेजारी तेच चांदणं बघत पडलेल्या लालबागच्या माणसाला चाकरमानी. तिकीट दोघांचं एकच.

उतरण्याची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण ती आता कुणाच्या अनुभवात उरलेली नाही. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. पाणी उथळ, खाली गाळ. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि भोंगा द्यायची. किनाऱ्यावर आधीच हाकाटी झालेली असायची, “बोट इली रे, बोट इली!” मग वल्ही मारत पडाव यायचे आणि बोटीच्या अंगाला भिडायचे. बोट उंच, पडाव बुटका, आणि दोघांच्या मधे लाट. लाटेबरोबर पडाव हातभर वर यायचा आणि लगेच पुरुषभर खाली जायचा. बोटीच्या दाराशी एक खलाशी आणि पडावात दुसरा. आपण दारात उभं राहायचं, खाली बघायचं नाही, आणि पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, “आता टाक पाय!” त्या क्षणाला पाय टाकायचाच. विचार केला की पडाव खाली गेलेला. लहान मुलांना विचारायचंच नाही कुणी. काखेत हात घालून मला उचललं आणि दुसऱ्या हातांत दिलं, मधल्या अंतरात खाली हिरवं पाणी दिसलं, आणि नाकात तेल, मासळी आणि भिजलेल्या दोरखंडाचा वास. नऊवारी नेसलेल्या, सत्तरीच्या आजीने तोच पाय काहीही न बोलता टाकला. तिने आयुष्यभर तो टाकला होता. ट्रंका मागून यायच्या, कोंबड्यांची टोपली त्यानंतर, आणि सर्वांत शेवटी मुंबईहून आणलेला कुणाचा तरी पाळणा.

परतीची बोट मेअखेरीची. तिच्यात माणसांइतकेच आंबे. देवगडच्या पेट्या, फणस, आमसुलं, काजूच्या पिशव्या, कुळथाचं पीठ. डेकला पिकल्या आंब्यांचा वास यायचा. समुद्र तोवर फिरायला लागलेला असायचा, दक्षिणेकडून वारा सुरू झालेला, आणि कप्तानाच्या डोक्यात एकच हिशेब की पावसाआधी शेवटची फेरी पुरी करायची. मग तीन महिने लांबच्या बोटींना समुद्र बंद. त्या तीन महिन्यांत गावात काही झालं तर मुंबईला पोचायचं कसं, हा प्रश्न त्या पिढीने किती वर्षं सोसला, ते आज महामार्गावरून जाताना आपल्या ध्यानातही येत नाही.

बोट का बंद पडली, याची कारणं सांगायला अवघड नाहीत. एसटी गावोगाव पोचली. रात्रीच्या खासगी बसगाड्या आल्या. बोटी जुन्या झाल्या, चौगुल्यांकडून मोगल लाइनकडे म्हणजे सरकारी कंपनीकडे गेल्या, आणि तोटा वाढत गेला. बंदरांत गाळ साठत राहिला. १९८०चं दशक सरता सरता मुंबई–गोवा बोट थांबली. मला यात आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. ज्या माणसाच्या मे महिन्यावर ही बोट चालत होती, त्याचीच नोकरी गेली. बरेचजण तर त्याच वर्षी ट्रंका-वळकट्या घेऊन कायमचे गावी गेले. बोट आणि गिरणी एकाच दशकात बंद पडली हा मी योगायोग मानत नाही. दोन्हींचा गिऱ्हाईक एकच होता.

त्यानंतर जे आलं ते वेगळ्या माणसासाठी आलं. १९९०च्या दशकात मुंबई–गोवा वेगवान कॅटामरान सुरू झाली. तासांचा हिशेब उत्तम, पण तिकीट चाकरमान्याच्या आवाक्याबाहेरचं, आणि तीही टिकली नाही. २०१८ साली ‘आंग्रिया’ आली. कान्होजी आंग्र्यांचं नाव, पोहण्याचा तलाव, उपाहारगृहं, संध्याकाळचं संगीत. मी तिचं छायाचित्र बघून खरोखर आनंदले होते. आपल्या समुद्रात आपल्या सरखेलाच्या, म्हणजे आरमारप्रमुखाच्या, नावाची प्रवासी बोट, हे काही थोडं नाही. पण मुंबईत चढायचं आणि गोव्यात उतरायचं. मधलं सगळं कोकण रात्री काठावरचे दिवे म्हणून दिसणार. जयगडच्या, देवगडच्या माणसाचा तिच्याशी संबंध नव्हता. महासाथीत तीही थांबली.

मालवणला आता दिवसभर होड्या चालतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या, डॉल्फिन दाखवणाऱ्या, स्कूबाच्या. ज्या घरांत पूर्वी पडाव वल्हवले जात, त्याच घरांतली पोरं आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात, आणि त्यांच्या हाताला काम आहे याचं मला मनापासून बरं वाटतं. तरीही त्या होड्या जिथून निघतात तिथेच परत येतात. त्यांतून कुणी कुठे जात नाही. समुद्र बघायचा, त्यावर तासभर तरंगायचं, फोटो काढायचे, आणि मुंबईला जायला पुन्हा रस्त्यावर. हॉटेलंही समुद्राकडे खिडक्या करून आणि रस्त्याकडे दारं करून उभी आहेत. जुन्या बंदरगावांत उलटं होतं. वेंगुर्ल्याचा बाजार, विजयदुर्गाची वस्ती, दाभोळची पेठ, सगळ्यांची तोंडं बंदराकडे. माल तिथून यायचा, माणूस तिथून यायचा, बातमी तिथून यायची.

एक गोष्ट मात्र मला आशेची वाटते, आणि ती खाड्यांवर आहे. २००३ पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते, लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. पुढे तशाच वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ अशा सुरू झाल्या. दापोलीहून गुहागरला जायचं तर वाशिष्ठीला मोठा वळसा पडायचा, तो वाचला. फळी खाली पडते, गाड्या चढतात, फळी उचलली जाते, आणि थोड्याच वेळात पलीकडची फळी पडते. गेल्या खेपेला मी धोपाव्याच्या बाजूने चढले तेव्हा बोटीवर पुण्याच्या दोन मोटारी होत्या, मासळीचा एक टेम्पो, मोटारसायकलवर गॅसचा सिलिंडर बांधलेला एक माणूस, आणि लग्नाचं वऱ्हाड. वऱ्हाडातल्या बायका कठड्याशी उभ्या राहून पदर सावरत हसत होत्या, आणि पुण्याची मुलं त्यांच्या शेजारी उभी राहून पाणी बघत होती. कोण फिरायला आलंय आणि कोण कामाला, हे बोटीला विचारायची गरज नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारी घेऊन जाणारी रो-रोही आहे, आणि आठवड्याच्या शेवटी ती भरलेली असते. म्हणजे माणसं समुद्रावरून जायला तयार आहेत.

मला हवी आहे ती यापुढची पायरी. ऑक्टोबर ते मे, मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला घेत पणजीला जाणारी बोट. केबिन ठेवा, उपाहारगृह ठेवा, ज्याला परवडतं त्याने त्याचे पैसे द्यावेत. पण डेकही ठेवा, आणि त्याचं तिकीट एसटीच्या भाड्याच्या जवळपास ठेवा. आधी मधल्या बंदरांतला गाळ काढावा लागेल, म्हाताऱ्या माणसाला पडावात उडी न मारता उतरता येईल असे धक्के बांधावे लागतील, धक्क्यापासून गावात जायला रिक्षा-बस लागेल. जीवरक्षक जाकिटं आणि उतारूंची मोजदाद यांत तर कणभरही सूट नको. ‘रामदास’ बुडाली त्याला बरीच वर्षं झाली, पण २०२४च्या डिसेंबरात घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली, त्याला कितीसे दिवस झाले? पैसा लागेल, आणि पहिली काही वर्षं तोटाही होईल. रस्त्यावर आपण किती पैसा घातला आणि किती वर्षं घालतो आहोत, हे पाहिलं तर तो फार वाटणार नाही.

आमच्या वाडीतली पोरं आजही मे महिन्यात येतात. विरारहून, दिव्याहून, नालासोपाऱ्याहून. रेल्वेचं आरक्षण सुटल्या सुटल्या संपतं, मग जनरलच्या डब्यात दाराशी उभं राहून, नाहीतर चौघांत गाडी करून रात्रभर महामार्गाचे खड्डे मोजत. पोचतात तेव्हा अंग मोडून आलेलं असतं. आंघोळ करतात, दोन घास खातात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. संध्याकाळी उठून सगळी समुद्रावर जातात.